खबर देणाऱ्याचा रकाना

१

इंग्लंडातल्या थॉर्नबेक नावाच्या खेड्यात १७४१ सालच्या अकरा जानेवारीला एक मूल पुरलं, आणि ते मूल तिथे कधी नव्हतंच, असं पत्र २०१० च्या नोव्हेंबरात गोंदियाला आलं.

गोंदियाला म्हणजे भुपेंद्रच्या कॉम्प्युटर सेंटरला. खाली राईस मिलच्या सुट्या भागांचं दुकान, वर माडीवर हे सेंटर. इंग्लंडातल्या लोकांना आपला खापरपणजोबा कोण होता हे शोधायचा भारी नाद. त्यांच्या चर्चमध्ये जन्म, लग्न आणि दफन यांची तीनतीनशे वर्षांची रजिस्टरं पडून आहेत. त्या पानांचे फोटो तिथली एक कंपनी इथे पाठवते आणि आमची गोरेगाव, आमगाव, सालेकशाची पोरं ती टाईप करून परत पाठवतात. कोणाचे पूर्वज आणि कोण शोधतंय! पण सव्वीस जणांची चूल त्यावर पेटत होती.

मी शालीकराम बिसेन. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढली. जुन्या साहेबांचं वळणावळणाचं इंग्रजी हस्ताक्षर मला वाचता येतं, म्हणून रिटायर झाल्यावर भुपेंद्रने मला धरून आणलं. सेंटरात माझं पद एकच, वाचणारा.

कामाची रीत अशी. प्रत्येक पान दोघंजण वेगवेगळे टाईप करतात, एकमेकांचं न पाहता. मग मशीन दोन्ही प्रती ताडून बघतं. जिथे फरक निघतो तिथे मूळ फोटो बघून मी निवाडा करतो आणि पानाखाली माझी सही टाकतो. माझ्या सहीशिवाय पान समुद्र ओलांडत नाही.

सोमवारी सकाळी भुपेंद्रने मला काचेच्या खोलीत बोलावलं. थॉर्नबेकच्या दफनाच्या रजिस्टरात एक नोंद जास्त निघाली होती. पेल नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने आपल्या घराण्याचा शोध घेताना ती वाचली आणि मूळ रजिस्टर बघायला ती थेट त्या चर्चात गेली. तिथे तशी नोंद नव्हती. आमच्याकडच्या दोन्ही प्रतींत मात्र ती अक्षरशः सारखी होती. म्हणजे चूक नव्हे, कोणीतरी मुद्दाम घुसवलेली.

"शनिवार शाम तक नाम देना है, बाबूजी," भुपेंद्र म्हणाला. "नहीं तो सोमवार से काम बंद. मेरे को एक नाम चाहिए बस. सही मिला तो अच्छा, नहीं तो कोई भी."

"मी शोधतो."

"शोधो. पर एक बात बोलूँ?" त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "उस पन्ने पर साइन आपकी है."

२

खरं सांगायचं तर मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. त्या दिवसांत मला काहीच बसत नसे. जेवण समोर आलं की जेवायचं, बस आली की चढायचं, पान आलं की सही करायची. दोन वर्षं होत आली होती तसं चालून.

माझी सून दुर्गेश्वरी पण याच सेंटरात टाईप करायची. मीच लावून दिली होती. मुलगा लोकेश रायपूरच्या कारखान्यात, आणि ही घरी भिंतीकडे बघत बसायची, म्हणून. गोरेगावच्या अलीकडे आमचं गाव. सकाळच्या एसटीने दोघं एकत्र यायचो. ती पुढे बायकांत, मी मागे. दिवसभरात आमच्यात चार वाक्यं झाली तर खूप.

मी थॉर्नबेकचं पान पडद्यावर काढलं. एका बाजूला फोटो, एका बाजूला टाईप. फोटोत चौतीस दफनं, टाईपमध्ये पस्तीस. त्या हिवाळ्यात देवीची साथ असावी, कारण पानावर लेकरंच लेकरं होती. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी. मध्येच एक भिकारी, रस्त्यावर मेलेला, नाव माहीत नाही. पादऱ्याने त्यालाही लिहिलं होतं.

आणि ती पस्तिसावी नोंद. इंग्रजीत होती, तिचं मराठी असं होईल: अकरा जानेवारी. मुलगा. वय नऊ दिवस. नाव ठेवलेलं नाही. शेताच्या कडेला पुरले. खबर देणारा: कोणी नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. रेकॉर्ड रूमचा माणूस, खोटी नोंद वासावरून ओळखतो. ही नोंद घालणाऱ्याला इंग्रजी येत होतं, पण इंग्रज येत नव्हते. त्या पादऱ्याने पानभर कोणाचंही वय दिलेलं नाही. त्यांच्यात मूल जन्मलं की दोन-चार दिवसांत चर्चात नेऊन नाव ठेवतात, नऊ दिवस बिननावाचं ठेवत नाहीत. आणि चर्चाचं आवार सोडून शेताच्या कडेला कोण पुरतं?

मग मी मशीनचा फरकाचा तक्ता काढला. अडीचशे वर्षांपूर्वीचं अक्षर दोन पोरं वाचतात तेव्हा दर पानाला आठ-दहा फरक निघतातच. एकाला जॉन दिसतो, दुसऱ्याला जोन. या पानाचा आकडा होता शून्य.

म्हणजे दोघांनी टाईप केलंच नव्हतं. एकाच माणसाने एकदा टाईप करून दोन्हीकडे चिकटवलं होतं. मी फोटो न बघताच सही का केली, तेही कळलं. फरक शून्य, म्हणून मी पान उघडलंच नव्हतं.

प्रती होत्या अश्विन मेश्राम आणि समीक्षा रामटेके यांच्या नंबरवर, तारीख सतरा ऑगस्ट. पण नंबरावरून काय कळणार? सगळ्यांचे पासवर्ड भुपेंद्रने एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलेले. चोरांनी चोरी करायची ती कुलूप बघून, इथे किल्लीच खिळ्याला टांगलेली होती.

३

समीक्षाला मी पाण्याच्या माठाजवळ गाठलं. बोलकी पोर, गोंदियातच वाढलेली. त्या दिवशी तोंडाला कुलूप.

"सतरा ऑगस्टले थॉर्नबेकचं पान तू मारलं का?"

"मारून राहिली होती, सर. अर्धं झालं तं लाईन गेली. लोडशेडिंग होती ना दुपारची. सेव्ह नव्हतं केलं, पान गेलं."

"मंग?"

"मंग मी अन् खुशबू समोसा खायले खाली गेलो. परत आलो तं पान माह्या नंबरवर झालेलं दिसलं. मले वाटलं अश्विनभाऊनं मारून देल्लं असन. कोन आपलं काम करून देते तं आपन कायले इचारा?"

वर इन्व्हर्टरवर दोनच कॉम्प्युटर चालायचे. कोणीतरी तिथे बसून होतं, बाकी सगळे खाली गेले तरी.

"वर कोन कोन होतं?"

"अश्विनभाऊ होते." तिने पेला उपडा ठेवला. "अन्..."

"अन्?"

"नाई. अश्विनभाऊच."

ती गेली. माझ्या अंगात जुना कारकून जागा झाला होता. खोटं बोलणारे लोक मी एकतीस वर्षं खिडकीतून पाहिलेत. ती खोटं बोलत नव्हती, कोणाला तरी वाचवत होती. आणि सव्वीस जणांत अश्विनच असा होता की ज्याला माझ्यावर डाव धरायला कारण होतं.

४

२००३ साली अश्विनचा बाप माझ्या खिडकीवर आला होता. पोराला डिप्लोमाला नंबर लागला होता, जात पडताळणीसाठी पन्नास सालाआधीचा पुरावा पाहिजे होता. आज्याचा जन्म जातीसकट गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत असणार, असं त्याचं म्हणणं. मी एक बुक बघितलं, नाही म्हणालो. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी माझं ठरलेलं वाक्य त्याच्या तोंडावर टाकलं, "नोंद नाही तं मानूस नाही." पोराची सीट गेली. सेंटरात अश्विन मला रोज नमस्कार करायचा. मी मान हलवायचो.

गुरुवारी दुपारी मी त्याच्यासमोर ती ओळ ठेवली.

"खबर देणारा," मी बोट ठेवलं. "इंग्रजांच्या रजिस्टरात हा रकाना नसते. हा आपल्या कोतवाल बुकातला रकाना होय. कोन जन्मलं, कोन मेलं, अन् त्याची खबर कोनं देल्ली. ज्यानं हे लिहिलं त्यानं आपलं बुक पाह्यलं आहे. या माडीवर असे किती जन असतीन?"

"मी पाह्यलं आहे," अश्विन शांतपणे म्हणाला. "बापाच्या मागं तुमच्या खिडकीवर उभा राहून पाह्यलं. म्हनून मले धरून राहिले का तुमी?"

"वर तू होता."

"होतो. कोपऱ्यात डबा खाऊन राहिलो होतो. दुसरंही मानूस होतं." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला नजर खाली घ्यावीशी वाटली. "साहेब, तुमी लोकायचे आजे-पंजे शोधले. मले एक सांगा. मले तुमचा बदला घ्याचा असता तं मी त्यात माह्या आज्याचं नाव टाकलं असतं. नऊ दिवसाचं लेकरू कायले टाकू?"

त्याने ओळीवर बोट टेकवलं.

"आपल्यात बारसं कितव्या दिवशी होते?"

"बाराव्या."

"मंग नवव्या दिवशी नाव कुठून असन? अन् आपल्यात मोठ्या मानसाले जाळते, पन इतलंस्सं लेकरू कुठं ठेवते?"

शेताच्या कडेला. मातीत. दुधाचे दात न आलेलं मूल आपल्याकडे जाळत नाहीत. पुरतात.

"ज्यानं लिहिलं ना," अश्विन उठला, "त्याले इंग्रजासंग काई घेनं-देनं नाई. तो खबर देनाऱ्याले शोधून राहिला. तुमी कोनाले शोधून राहिले?"

अकरा जानेवारी. मी तारीख पुन्हा वाचली. सोमवारपासून चार दिवस मी तिच्याकडे बघत होतो आणि साल १७४१ आहे एवढंच मला दिसत होतं.

५

अकरा जानेवारी २००९, रविवार होता.

दुर्गेश्वरीला दोन तारखेला घरीच मुलगा झाला. दवाखान्याची गाडी यायच्या आत झाला, दाईच्या हातावर. पाचवी झाली. रुक्माबाईने, माझ्या बायकोने, पाळणा धुऊन अंगणात वाळत टाकला. अकरा तारखेला सकाळी मूल गार पडलं होतं. मी आणि लोकेशने त्याला आमच्या धानाच्या बांधीच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली ठेवलं. पाळणा परत माळ्यावर गेला.

चार दिवसांनी ग्रामसेवक आला. जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवून घेऊ का, असं त्याने विचारलं. मी ओसरीवर बसलो होतो. मी म्हणालो, "नाव नाही, बारसं नाही, कायची नोंद?" तो निघून गेला. घरातला कर्ता मी. रेकॉर्ड रूमचा माणूस मी. दाराआड दुर्गेश्वरी उभी होती, हे मला माहीत होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी घराकडे न वळता शेताकडे निघालो. ती काही न विचारता मागे आली. धान कापून झाला होता, पेंढ्या बांधीतच पडल्या होत्या. मोहाखाली जाऊन मी उभा राहिलो.

"थॉर्नबेकचं पान तू मारलं," मी म्हणालो.

"हो."

तिने नाकारलं नाही, रडली नाही. रिटायर झाल्यावरही लोक माझ्याकडे नकलांचे अर्ज लिहून घ्यायला यायचे, आणि ते अर्ज हीच सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची. खबर देणाऱ्याचा रकाना तिला मीच समजावून सांगितला होता. एवढं माझ्या घरात घडलं, आणि मी माडीवरच्या सव्वीस जणांत चोर शोधत होतो.

"लाईन गेली तवा दोघायचंही पान गेलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं मारून देऊ. मारता मारता तो भिकारी आला. कोनाचा कोन, नाव माहीत नाई, तरी त्या पादऱ्यानं त्याले लिहिलं, मामाजी. दोन शब्द लिहिले, पन लिहिले."

"इंग्लंडले जाईन हे तुले समजलं नाही?"

"जानार नव्हतंच." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "शेवटी तुमी वाचता ना? मी तुमच्यासाठीच लिहिलं. वाटलं, तुमाले दिसन. रागावान, मले बोलवान, खोडून टाकान. मंग खोडा. पन एक डाव तरी वाचान."

तिने मोहाच्या बुडाशी पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं खाली तुमची सही होती."

मला लाज वाटली. दोन वर्षांत काहीतरी वाटलं ते हे, आणि ते इतकं होतं की मी तिथेच बांधावर बसलो. ती उभीच राहिली. म्हणाली, "शनिवारी मायंच नाव सांगा. खुशबूचं लगन आहे, समीक्षाच्या घरी ती एकटीच कमावते. त्यायचं काम नाई गेलं पायजे."

६

शनिवारी चार वाजता मी काचेच्या खोलीत गेलो.

"लिही नाव," मी भुपेंद्रला म्हणालो. "शालीकराम बिसेन."

"मजाक मत करो बाबूजी."

"मजाक नाही. पान मारनारा कोनीही असो, तपासनारा मी होतो. मी फोटो पाह्यला नाही, पान उघडलं नाही, सही केली. वाचनाऱ्यानं वाचलं असतं तं ते पान इथून हललं नसतं. हे जसंच्या तसं लिहून पाठव. मी सोमवारपासून येत नाही."

भुपेंद्र मूर्ख नाही. काचेपलीकडे दुर्गेश्वरी टाईप करत होती, त्याने तिकडे एकदा बघितलं, मग लिहायला घेतलं. भिंतीवरचा पासवर्डचा पुठ्ठा मात्र जाताना मी काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

"वो बुढ़िया की चिट्ठी भी आई थी कंपनी के मेल के नीचे," तो म्हणाला. "मैंने पढ़ी नहीं. आपके काम की हो तो लो."

पेलबाईंचं पत्र मी जिन्यात उभ्याने वाचलं. राग नव्हता त्यात. त्यांनी लिहिलं होतं की ते नऊ दिवसांचं मूल आपल्याच घराण्यातलं समजून त्यांनी चर्चात त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. आता ते आपलं नाही असं कळतं आहे. पण इतकं नेमकं कोणी उगाच लिहीत नाही. आमचं नसेल तर ते कोणाचं आहे, याचा कृपया तपास करावा आणि त्याच्या माणसांना कळवावं.

पत्र घडी करून मी खिशात ठेवलं. अश्विन जिन्यात सिगरेट ओढत होता. मी त्याला म्हणालो, "आज्याचं गाव अन् अंदाजे साल लिहून दे. मी तवा एकच बुक पाह्यलं होतं." संध्याकाळी बसमध्ये दुर्गेश्वरीने माझ्या हातात त्याची चिठ्ठी दिली. त्या दिवशी ती मागच्या सीटवर, माझ्याशेजारी बसली होती.

सोमवारी आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर कोर्टाचा हुकूम लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, दाईचा जबाब लागतो. हे सगळं मला तोंडपाठ. लोकांना मी वर्षानुवर्षं ते सांगत आलो. उशिराचं कारण लिहायच्या जागी काय लिहायचं हेही मी सगळ्यांना सांगायचो. "अज्ञानामुळे" लिहा, म्हणायचो, साहेब लोक पुढे काही विचारत नाहीत.

ग्रामसेवकाने फॉर्म पुढे केला. मी लिहायला घेतलं. जन्म दोन जानेवारी, मृत्यू अकरा जानेवारी, लिंग पुरुष. बाळाच्या नावाशी थांबलो आणि दुर्गेश्वरीकडे पाहिलं.

"कोरं ठेवा," ती म्हणाली. "बारसं नाई झालं त्याचं."

कोरं ठेवलं. खबर देणाऱ्याच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे नातं लिहिलं, आजोबा. मग उशिराचं कारण आलं. ग्रामसेवक सवयीने म्हणाला, "अज्ञानामुळे लिवा ना, काका."

"नाही," मी म्हणालो, आणि लिहिलं: मी खबर दिली नाही.

दुर्गेश्वरीने फॉर्म माझ्या हातातून घेतला. वरपासून खालपर्यंत एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग म्हणाली, "आता करा सही."